सदऱ्याखाली न दिसणारं

—न्हाय, न्हाय, ते नको. आदी खाली ठेवा बघू. हातात घेतलं की सगळ्यांना तेच आवडतं— येवढंसं हाय, मुठीत मावतंय, खिशात टाकलं तर पानाच्या डबीसारखं वाटतंय— पन शेट, पिस्तूल काय हाताला आवडावं म्हनून घेतात? बसा. तिकडं अंधारात नको, इकडं दाराशी उजेडाला बसा. परवाना दाखवलात, आता घ्यायचं कुठलं ते मी सांगतो. तुमी बोललात, सदऱ्याखाली दिसायला नको. मांडी घालून बसलं तरी दिसायला नको. समोरच्याला संशय यायला नको. व्हय ना? मंग हे तीन बघा. हे लांब नळीचं, लढाईतनं आलेलं— मी पन लढाईतनंच आलोय, आरमारात होतो, जहाजावरची हत्यारं साफ करायचं काम, आमच्या कोळीवाड्यात मी येकटाच असा, बाकी सगळे जाळ्यावर— तर हे तुमच्या कामाचं न्हाय. कमरेला लावलंत की लेंगा घसरंल. हे दुसरं, चकरीचं, रिव्हॉल्व्हर. पोट फुगीर हाय त्याचं, पन नळी आखूड. आनि हे तिसरं, चपटं, तुमी उचललंत ते. ते नको.

का नको? का म्हंजे... आमच्या शिवदासकडं असलंच होतं. हेच न्हवे, ते पोलिसांनी नेलं. पन असलंच. शिवदास म्हंजे माझा जावई, माझ्या केसरचा नवरा. तुमी मानगावचे, तुमाला कुठनं ठाव असनार. मुरुडच्या बंदरावर त्याच्याएवढा उंच मानूस न्हवता. होडी ओढायला दहाजन लागायचे तिथं तो हात लावायचा आनि बाकीचे नुसते ओरडायचे. हसरा. पोरींनी चिडवलं तर लाजायचा, येवढा मोठा बाप्या. त्याचं आनि काशीदच्या कोंडाजीचं समुद्रातल्या जागेवरनं वाकडं आलं. आमी समुद्रात खुंट ठोकून त्याला डोल बांधतो— डोल म्हंजे मोठं पिशवीसारखं जाळं— आनि खुंटाची जागा ज्याची त्याची असते, बापजाद्यांपासनं. कोंडाजी बोलला, माझी. शिवदास बोलला, माझी. येका सकाळी दोन्ही होड्या तिथं येकदम पोचल्या. वल्ही चालली. शिवदासच्या होडीवर सदा म्हनून खलाशी होता, गरीब जीव, तो जाळं सोडवत वाकलेला— त्याच्या डोस्क्यात कोंडाजीच्या मानसाचं वल्हं बसलं. आवाज झाला आनि सदा पान्यात. शिवदासनं उडी मारली. त्याला केस मिळाले हाताला. मूठभर केस हातात आले, सदा न्हाय आला. संध्याकाळी शिवदास किनाऱ्यावर बसला होता तरी ती मूठ उघडत न्हवता. केसरनं येकेक बोट सोडवलं.

मंग तो हितं आला. तुमी बसलात तिथंच बसला. बोलला, "मामा, मला कायतरी दे. कुनाला दिसनार न्हाय असं दे." मी चकरीचं काढलं. बोललो, हे घे, हे अडत न्हाय, मीठ लागलं, वाळू लागली तरी चालतं, आनि लागलं तर समोरचा बसतो. त्यानं कमरेला लावून बघितलं. आता आमच्या कोळ्याच्या अंगावर कपडा असतो किती? खाली कमरेला गुंडाळलेला रुमाल, वर बंडी. बंडीखाली चकरीचं पोट असं टुमकन वर आलं. तो बोलला, "हे कोंडाजीला लांबनं दिसंल. दिसलं की तो पन आनील. मला दिसायला नको." मी सांगितलं, दिसलं तर दिसू दे, दिसलं तर तो येनार न्हाय जवळ. ऐकलं न्हाय. चपटं उचललं. तुमी उचललंत तसंच— पयल्यांदा तेच.

केसरनं जुन्या लुगड्याचा पट्टा शिवला, पोटाशी बांधायला. तिला तो बोलला, पाठ दुखते, कमर आवळून बांधायची हाय. तिला काय कळलं न्हाय होय? दुसऱ्या दिवशीच कळलं. बोलली न्हाय ती. सदा गेल्यापासनं तो घरात कुनाशी सरळ बोलत न्हवता, त्यात हे कुठं काढायचं, असं तिला वाटलं असंल. पन शेट, लपवायचं म्हंजे काय असतं, सांगू? बाकीचे सगळे होडी ओढताना उघडे, घामानं चमकतायत, आनि हा बंडीची सगळी बटनं लावून. पोरं पाठीवर चढायला आली की ढकलून द्यायचा. भिंतीला पाठ लावल्याबिगर जेवायला बसत न्हवता. घामानं, मिठानं, लोखंड घासून पोटावर लाल चट्टा उठला, त्याला केसर रोज खोबरेल लावायची, आनि तो तेवढ्यापुरतं सुद्धा ते दूर ठेवत न्हवता, मांडीवर घेऊन बसायचा. येकदा नारळीच्या वाडीतनं येताना मागनं कुत्रं आलं. आपल्याच आळीतलं, ओळखीचं. हा वळला आनि घातली गोळी. कुत्रं केकाटत गेलं, मागचा पाय फरफटत. मेलं न्हाय. बघा, तवाच मला कळायला हवं होतं— म्हंजे मी हे पिस्तुलाचं सांगतोय— तीन हातांवरनं मारलेलं कुत्रं मरत न्हाय, ते हत्यार कसलं?

पानी घ्या. घ्या, उन्हाचे आलात.

तर केसरच उठली. ती येकटी चालत काशीदला गेली, कोंडाजीच्या दारात. काय बोलली कुनास ठाव. पन शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी कोंडाजी आला, दुपारचा, आमच्या किनाऱ्यावर. होळी विझलेली, पोरं राखेतनं भाजलेले नारळ काढत होती, बाया फोडत होत्या. सगळा कोळीवाडा जमलेला. सनाचा दिवस, त्या दिवशी आमी भांडनं ठेवत न्हाय. कोंडाजी उघडा आला. खांद्यावर टॉवेल, हातात नारळ. सगळ्यांच्या समोर तो नारळ त्यानं शिवदासच्या पायाशी ठेवला आनि बोलला, "सदाचं पाप माझ्या होडीवर हाय, जागा तुझी." शिवदास रडला. मी बाजूलाच उभा होतो, हातभर अंतरावरनं बघत. तो खरंच रडला, लहान पोरासारखा. आनि कोंडाजीनं त्याला मिठी मारली.

घट्ट मारली. आमच्यात अशी लांबनं, खांद्याला खांदा लावून भेटत न्हाईत. पोटाला पोट लागलं. आनि कोंडाजी थांबला. त्याचा हात शिवदासच्या पाठीवरनं खाली आला, कमरेवरनं पुढं आला. ओरडला न्हाय तो. हळूच बोलला, "हे काय रे? मी उघडा आलो ना?" बस्स. येवढंच. शिवदासला वाटलं, हा काढून घेतो. का लाज वाटली? मला अजून कळलेलं न्हाय. त्यानं कोंडाजीला छातीत रेटलं आनि हात बंडीत घातला. बटनं लावलेली! बटनं तुटली, पट्ट्यात नळी अडकली, लोकांना कळेस्तोवर तो ओढतोय, ओढतोय— आनि सुटलं ते. त्यानं चाप ओढला. खांद्यात लागली. फटाका फुटावा येवढा आवाज, आनि कोंडाजी तसाच उभा. खाली बघतो तर येवढंसं भोक. गांधीलमाशी चावल्यासारखा चेहरा. मंग त्याला कळलं. नारळाजवळ कोयता पडला होता, तो त्यानं उचलला आनि घातला. मानेत, हितं, कानाच्या खाली. शिवदास गुडघ्यावर आला. मान येका बाजूला, हात दुसरीकडं, रक्त कसं— भरतीच्या लाटेसारखं थांबून थांबून येत होतं. केसरनं दोन्ही पंजे लावून धरलं, तिच्या बोटांतनं येत होतं. आनि तसं पडता पडता त्याचं बोट चापावरच होतं. दुसरी सुटली. कोंडाजीला मागनं कमरेत धरून कुनी ओढत होतं, सोडवायला आलेलं, त्याला लागली. गळ्याच्या खळीत. तो बसला वाळूत. कुनाला कळलंच न्हाय त्याला लागलंय ते. हासत होता, असं वाटलं आमाला. मी जवळ गेलो तर तोंडातनं फेस, लाल. बंडीवर रक्त न्हाय, कुठं लागलंय ते दिसंना, मी ती बंडी फाडली तवा...

व्हय, मीच फाडली. मंग कोन फाडनार? अनंता होता तो. माझा अनंता. केसरच्या पाठचा.

हे मी सांगनार न्हवतो तुमाला. जाऊ दे. मुद्दा काय? मुद्दा पिस्तुलाचा. ते येवढंसं हत्यार न्हाय कामाचं. चकरीचं असतं ना, पयल्याच गोळीला कोंडाजी आडवा झाला असता. कोयता उचलला नसता त्यानं. दुसरी गोळी लागलीच नसती मारायला. मी रात्रंदिस हाच हिशेब करतो, शेट. शिवदास फाशी गेला असता? जाऊ दे गेला असता. अनंता असता. कोर्टानं कोंडाजीला सोडला, पयली गोळी शिवदासची म्हनून. फिरतोय. हात तेवढा खांद्याच्या वर जात न्हाय, बाकी धडधाकट. म्हनून सांगतो, चकरीचं घ्या. उभे राहा. असं बेंबीजवळ न्हाय, बाजूला, हाडाच्या मागं— हां. वरनं सैल सदरा. आता बसा. बघा, दिसतंय? न्हाय दिसत. ह्याची गोळी समोरच्याला थांबवते. आरपार जाऊन मागच्याला पन घेते, येवढा जोर हाय.

तुमचा मानूस कोन ते मी इचारत न्हाय, मी कुनालाच इचारत न्हाय. तुमची मासळीची लॉरी, रस्त्यात दगड मारले, डायवरचा पाय मोडला, बोललात येवढं. आता तडजोडीची बैठक, तिथं बसायचं हाय. असं ना? तडजोडीला जाताना लोक हेच का घेतात कमरेला, मला— काय? काय नाव घेतलंत?

काशीदचा? कोंडाजी? दगड मारनारे त्याचे?

बसा, बसा. न्हाय, घाबरू नका. हसतोय मी, हसू नको तर काय करू? येवढी वरसं मी ह्या दारात बसलो. शेट, हे घेऊन जा. काडतुसं मी भरून देतो, येकेक पुसून देतो. तुमी फक्त त्याच्या समोर बसा, बाजूला नको. तो बोलायला गोड हाय, रडवील तुमाला, नारळ ठेवील. ऐकायचं न्हाय. त्यानं उठायची वाट बघायची न्हाय, बसल्या जागी—

कोन हाय? केसर? तू कवा आलीस बाजारातनं? टोपली ठेव आनि आत जा, गिऱ्हाईक हाय. जा म्हनतो ना. काय? मोठ्यानं बोल. सोमवारच्या बैठकीला? तू? तू कशाला जानार काशीदला? होडी तुझ्या नावावर हाय, ठाव हाय मला, लॉरी बंद पडली तर तुझीच मासळी कुजते, ते पन ठाव हाय, पन तुला बोलावलं कुनी? ...कोंडाजीनं? तो आला होता? हितं, माझ्या घरात, मी नसताना? आनि तू त्याला पानी दिलंस? केसर, अनंताच्या— बरं. बरं, नको बोलू. येवढंच सांग मला. बसनार कुठं तू? मी इचारतो ते सांग. त्याच्या शेजारी का मागं?

मागं.

उठा शेट. काढा ते कमरेचं. हळू. नळी खाली. हितं ठेवा, फडक्यावर. न्हाय, चपटं पन न्हाय, कुठलंच न्हाय. परवाना उचला तुमचा. तुमी अलिबागला जाल, ममईला जाल, कुनी तरी देईल तुमाला, मला ठाव हाय. म्हनून जायच्या आदी तिच्याकडं बघा. केसर, इकडं हो, उजेडात. पदर मागं घे. बघा शेट. तोंड नीट बघून ठेवा तिचं. बघितलंत?

जा आता.