त्रिकोणी पलंगाची बोट

…आणि पलंग त्रिकोणी. हो, त्रिकोणी. तुम्हाला सांगतो, जन्मभर गाद्यांचं दुकान चालवलं, सिंगल विकल्या, डबल विकल्या, एका पैलवानाला तर दोन जोडून शिवून दिल्या, पण त्रिकोणी गादी मागणारं गिऱ्हाईक एकदाही पायरी चढलं नाही. आणि आता या वयात मीच तिच्यावर झोपतोय. का? तर बोटीचं नाक निमुळतं असतं आणि आमची झोपायची खोली त्या नाकात आहे. डोक्याकडे ऐसपैस, आणि पायाकडे दोघांची चार पावलं वीतभर जागेसाठी भांडतायत… पण बोट विकणारा काय म्हणाला होता? "काका, सगळ्या सोयी आहेत."

बोट ही माझी हौस नाही, हे आधीच सांगून टाकतो. हौस हिची. आमची ही शाळेत भूगोल शिकवायची. नकाशावर छडी ठेवून पोरांना सगळे समुद्र दाखवले, आणि निवृत्त झाल्यावर म्हणाली, आता मला ते बघायचेत. मला वाटलं, किनाऱ्यावर जाऊ, पाय भिजवू, परत येऊ. तर ही शिडाची बोट हाकायच्या वर्गाला जायला लागली, परीक्षा पास झाली, आणि एके दिवशी मला हात धरून ही यॉट दाखवायला घेऊन गेली. लांबच्या प्रवासाची. हिच्यात महिनोन्‌महिने राहता येतं म्हणे. म्हटलं, "राहता तर तुरुंगातही येतं." तर म्हणते, "अहो, बघा तरी. सगळ्या सोयी आहेत."

आहेत हो, नाही कोण म्हणतंय? फ्रिज आहे. पण तो वरून उघडतो, विहिरीसारखा, आणि आपल्याला हवं ते नेमकं तळाला. दुधासाठी मी कमरेपर्यंत आत, आणि मागून हिचा आवाज, "झाकण लावा, गारवा जातोय." अगं, कसं लावू, मी आत आहे. शेगडी आहे, ती झोके घेते. बोट कलली तरी पातेलं सरळ राहावं म्हणून. पातेलं सरळ राहतं, मी आडवा होतो. संडासाला हातपंप आहे, काम झालं की दांडा वर-खाली, वर-खाली… माणूस आत जातो हलका व्हायला आणि बाहेर येतो तालमीतून आल्यासारखा. खाऱ्या पाण्याचं गोडं करणारं यंत्र आहे, ते चालू असलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. ही एवढी एकच सोय मला मनापासून आवडली.

आणि सुकाणू म्हणे आपोआप चालतं. एकदा दिशा लावून द्यायची, यंत्र सांभाळतं, आपण चहा प्यायचा.

तर आम्ही असेच एका बंदरातून दुसऱ्या बंदराला निघालो होतो. मध्ये नुसतं पाणी. दुपारी वारा वाढला. ही शीड कमी करायला उठली, तेवढ्यात लाट आली, हिचा पाय सटकला आणि पडली ती हातावर. मनगट मोडलं. मी लाकडाची पट्टी लावून बांधतोय, तर ते आपोआपवालं यंत्र एकदा कुरकुरलं आणि गप्प. बोट गिरकी घ्यायला लागली.

"सुकाणू धरा."

"मी?"

"मग कोण धरणार, तो बोट विकणारा?"

धरलं. ही शेजारी पट्ट्यानं स्वतःला बांधून बसली, तोंड पांढरंफटक, पण शिकवणं चालूच. "होकायंत्राकडे बघा, लाटेकडे नको. एवढं नाही वळवायचं, थोडंसं… थोडंसं म्हणजे किती, ते कळत नाही का?" मी म्हटलं, "बाई, आता अंगठे धरून उभा करा मला." हसली. मग एकदम विचारलं, "घाबरलात?"

म्हटलं, "छे."

"मी घाबरलेय," म्हणाली.

तुम्हाला सांगतो, या बाईच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मागे हिला ऑपरेशनला आत नेत होते तेव्हा मलाच धीर देऊन गेली होती. त्यानंतर सुकाणूवरचा हात मी काही काढला नाही. उजेड होता तोवर बंदरात शिरलो. धक्क्याला थोडी घासली बोट. थोडीशी. थोडंसं म्हणजे किती, ते विचारू नका.

हिच्या हाताला प्लास्टर घातलं, आणि दुसऱ्या दिवशी धक्क्यावर हिचा भाऊ हजर. "ताई, पुरे झालं आता. वय काय आणि चाललंय काय? भाऊजी, तुम्ही तरी शहाणे ना? बोटीला गिऱ्हाईक मी बघतो. गाडी आणलीय, सामान भरा."

मला हेच तर हवं होतं ना? निघाल्यापासून दुसरं काय बोलत होतो मी? आता ही भांडेल म्हणून हिच्याकडे बघितलं. भांडलीच नाही. प्लास्टरातला हात मांडीवर घेऊन पाण्याकडे बघत बसली होती. म्हणाली, "यांना विचार. यांचे फार हाल झाले."

आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "कोण म्हणतं हाल झाले? मी तक्रार करतो, ती माझी आहे. तुला वापरायला दिलेली नाही. चल आत, दाखवतो." आणि त्याला धरून जो खाली नेला… गाद्या खपवलेलं तोंड आहे हे. म्हटलं, गारवा जड असतो, तळाला बसतो, म्हणून फ्रिज वरून उघडतो, याला अक्कल लागते. पंप मार, मारून बघ, खांदे कसे मोकळे होतात. आणि पलंग त्रिकोणी का, तर नवरा-बायको बोलतात ते डोक्याकडे, पायांना जागा हवी कशाला? सगळ्या सोयी आहेत, म्हटलं, बोट विकायची नाही. यंत्र दुरुस्त झालं, हिचा हात बरा झाला, की आम्ही निघालो.

ही जिन्यात उभी राहून ऐकत होती. हिनं सामान भरायची पिशवी उचलली आणि परत कपाटात कोंबली.

मेहुणा मात्र सगळीकडे हात लावून बघत राहिला. शेगडीला झोका दिला, गादी दाबून पाहिली, मग खाली बसला आणि म्हणाला, "भाऊजी, माझी पण बरीच रजा शिल्लक आहे."

आता काय सांगू… त्या बोटीतलं जेवणाचं टेबल खाली दाबलं की त्याचा पलंग होतो, हे तुम्हाला सांगायचं राहिलंच. मेहुणा त्याच्यावर झोपतो. उशिरा उठतो. त्यामुळे सध्या नाश्ता आम्ही दोघं उभ्यानंच करतो.