मामा आणि माझी सोमवारची नोकरी

सगळा घोळ मामांनी केला, हे आधीच सांगतो. इंजिनिअरिंग अर्धवट सोडून मी वर्षभराच्या कामाच्या व्हिसावर मेलबर्नला त्यांच्याकडे गेलो होतो. काम शोधायचं म्हणून रोज एक नवा एरिया आणि तिथलं कॉफी शॉप, असं करत अख्खं शहर पायी पालथं घातलं. शेवटी एका गल्लीतल्या कॉफी शॉपच्या म्हाताऱ्या मालकीणबाईने मला मशीनवर चार कप करायला लावले आणि म्हणाली, "सोमवारपासून ये."

मामांना दुकान बघायचं होतं. घेऊन गेलो, इथे माझंच चुकलं. काउंटरपाशी जाऊन त्यांनी बाईला सांगितलं, "भाचा इंजिनिअर आहे. हे आपलं हौस म्हणून."

बाई माझ्याकडे वळली. "तू तर म्हणालास, कॉलेज सोडलंय?"

मामा हसले. "लाजतो तो."

"मग खरं काय?"

आता काय बोलणार? मोठ्यांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे लहानपणापासून डोक्यात ठोकलेलं. मी नुसती मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, आईशप्पथ, मलाही कळलं नाही.

बाई म्हणाली, "सोमवारी येऊ नकोस."

बाहेर आल्यावर मामा म्हणतात, "वाचवलं तुला. कप विसळतोस हे पंचवटीत कळलं असतं तर?"

"मामा, इथे पंचवटीतलं कोण बसलंय?"

"मी आहे ना!"

त्या शहरात मला मिळालेली ती एकच नोकरी. दोन महिन्यांनी मी नाशिकला परत आलो.