चौकटीबाहेरच्या दोन मात्रा

मुलगी : एवढी मोठी अक्षरं कशाला, बाबा? ट्रंक आहे ती, दुकान नाही.

बाबा : मोठी कुठे? चार बोटं तर आहेत. वसतिगृहात शंभर पोरी, शंभर ट्रंका. कोणती कोणाची ते लांबून दिसायला नको?

मुलगी : लांबून? हे विमानातून दिसेल.

बाबा : दिसू दे. पंचवीस वर्षं लोकांच्या पाट्या रंगवल्या. वकिलांच्या, चक्कीवाल्यांच्या, दवाखान्यांच्या. घरातल्या माणसाचं नाव पहिल्यांदा लिहितोय. दे इकडे तो बारका ब्रश. तो नाही गं, शेपटीवाला.

मुलगी : घ्या. पण झालं ना आता? नाव झालं, आडनाव झालं. हात पुसा, मी चहा टाकते.

बाबा : थांब की. खाली एक ओळ राहिली. ही खडूची दोरी धर तिकडून. अशी लुळी नको, ताणून धर. हं, सोड. बघ, कशी रेघ उमटली! आता हिच्यावर, बरोबर मधोमध, भौतिकशास्त्र.

मुलगी : नको.

बाबा : काय नको?

मुलगी : विषय नको. नाव पुरे. विषय कोण लिहितं ट्रंकेवर?

बाबा : डॉक्टर पाटीवर लिहीत नाहीत, कशाचे डॉक्टर ते? नाहीतर दातवाल्याकडे कानवाले येऊन बसतील.

मुलगी : माझ्या ट्रंकेला कोण दात दाखवायला येणार आहे?

बाबा : ठमे, तुला नाही कळायचं. 'भौ' काढायला मिळणं म्हणजे चैन असते. ते वळण, शेजारी काना, वर दोन मात्रा. मागून करडी सावली दिली की अक्षर असं उठून येतं, वाटतं हात लावून बघावा.

मुलगी : वरचा रंग तरी वाळू द्या आधी. उद्या लिहा.

बाबा : उद्या सहाला निघायचंय तुला. ओली ट्रंक मांडीवर घेऊन बसणार?

मुलगी : मग पुढच्या सुट्टीत लिहा.

बाबा : काय झालंय तुला? मघापासून बघतोय. कधी चहा, कधी वाळू द्या, कधी सुट्टी.

आई : सरका, सरका, आत येऊ द्या. दिवसभर बसमध्ये तेच ओरडायचं आणि घरी आलं तरी दारात तेच. पाय कुठे ठेवू मी? डबे, ब्रश, चिंध्या... आणि हे काय वाद घालताय? वळणापासून ऐकू येतंय.

बाबा : बरं झालं आलीस. तुझी लेक मला विषय लिहू देत नाही ट्रंकेवर.

आई : अगं, अजून सांगितलं नाहीस?

मुलगी : आई!

बाबा : काय सांगितलं नाही?

आई : माझा स्टॉप आला. मी उतरते. चहा ठेवते.

बाबा : कोणी उतरायचं नाही. काय सांगितलं नाही?

मुलगी : आधी ब्रश खाली ठेवा.

बाबा : ठेवला.

मुलगी : डब्यात ठेवा, बाबा. हातात धरून 'ठेवला' म्हणताय.

बाबा : हा बघ, ठेवला. बोल.

मुलगी : पत्र आलं त्या दिवशी तुमचे हात रंगाने भरले होते.

बाबा : हो, न्हाव्याची पाटी चालू होती. तूच म्हणालीस, कागदाला डाग पडेल, मी वाचून दाखवते.

मुलगी : वाचलं की. एक शब्द सोडून सगळं बरोबर वाचलं.

बाबा : कोणता शब्द?

मुलगी : भौतिकशास्त्र. पत्रात तसं नाहीये. पत्रात भाषाशास्त्र आहे.

बाबा : काय आहे?

मुलगी : भाषाशास्त्र. प्रथम वर्ष, भाषाशास्त्र विभाग.

बाबा : असं कसं? त्यांची चूक आहे ही! अर्ज मी भरलाय, माझ्या हाताने. तुझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून चालत गेल्यासारखं, म्हणून मी भरला. चांगल्या निबाने. एक खाडाखोड नाही.

मुलगी : ही त्याची झेरॉक्स. बघा. विषयाची चौकट बघा.

बाबा : बघतोय. चौकट बारकी होती, 'भौतिकशास्त्र' कोंबलं असतं तर अक्षरांचा जीव गेला असता. म्हणून 'भौ. शास्त्र' लिहिलं. पाटी लहान असली की तसंच करतात.

मुलगी : आणि शिरोरेषा कुठाय?

बाबा : शिरोरेषा वेगळी कशाला काढायची? चौकटीची वरची रेघ छापलेली होतीच की. सुतासारखी सरळ. तिलाच अक्षरं टांगली. किती स्वच्छ दिसतंय बघ!

मुलगी : मग मात्रा कुठे गेल्या?

बाबा : मात्रा जातात तिथेच. रेघेच्या वर.

मुलगी : म्हणजे चौकटीच्या बाहेर. बाबा, तिथे अर्ज यंत्रातून घालतात. यंत्र फक्त चौकटीच्या आतलं उचलतं. आता 'भौ'वरच्या दोन मात्रा काढल्या की काय उरतं?

बाबा : भा.

मुलगी : भा. शास्त्र.

आई : टपावर बसलेल्यांना मीसुद्धा तिकीट देत नाही.

बाबा : तू गप गं! अरे देवा. आणि नाव? नाव तरी नीट वाचलं ना?

मुलगी : माझ्या नावात वर काही नाहीच. सगळं आत बसलं.

बाबा : सही करताना तू पाहिलं नाहीस?

मुलगी : पाहिलं ना. इतकं सुंदर दिसत होतं, की वाचायचं राहूनच गेलं.

बाबा : पंधरा दिवस झाले पत्राला! मी न्हाव्याला सांगितलं, चक्कीवाल्याला सांगितलं, त्या वकिलाला तर जिना चढून जाऊन सांगितलं. माझी मुलगी भौतिकशास्त्राला जाते.

आई : आणि वकिलाने विचारलं, त्यात काय शिकवतात हो? तर म्हणाले, वजनदार विषय आहे.

बाबा : तुलाही माहीत होतं?

आई : मला शनिवारी कळलं. पोरगी शेवटच्या सीटवर बसून डोळे पुसत होती. मला वाटलं, तिकीट हरवलं असेल.

बाबा : आणि मला कोणी सांगितलं नाही. का? मी काय खाल्लं असतं तुम्हाला?

मुलगी : तुम्ही स्वतःला खाल्लं असतंत. परवा वकिलाच्या पाटीवर एक वेलांटी जरा तिरकी गेली, तर दोन दिवस जेवला नाहीत नीट.

बाबा : ती तिरकी नव्हती, आखूड होती. ते जाऊ दे. बदलता येत नाही का विषय?

मुलगी : येतो.

बाबा : कधीपर्यंत?

मुलगी : आज. पाच वाजेपर्यंत.

बाबा : आता किती वाजलेत?

आई : पावणेचार.

बाबा : पावणेचार! आणि तू मला चहा पाजत होतीस? फोन कुठाय माझा? नंबर दे पत्रावरचा. दे म्हणतो ना!

(बाबा रंगाच्या बोटांनी फोन लावतात.)

बाबा : हॅलो, विद्यापीठ का? मी पेंटर बोलतोय... नाही, नाही, भिंती नाही रंगवायच्या. मी वडील आहे... मुलीचा... हो, प्रथम वर्ष. ते विषयाचं जरा मागेपुढे झालंय. भौतिकच्या मात्रा वर राहिल्या... साहेब, मात्रा, मात्रा! औषधाच्या नाही, अक्षराच्या... हां, बदलायचाय... आहे जागा? एकच?... हो, अर्जाचा फोटो, पालकांची सही. पाचच्या आत. कळलं... दोघं जण थांबलेत त्या जागेसाठी? मग हो की नाही ते लगेच कळवतो. लगेच. ठेवतो. ठमे, जागा आहे! कोरा कागद आण. आणि पट्टी. या वेळी शिरोरेषा मी काढणार, आणि चौकटच ठेवणार नाही.

मुलगी : लिहू नका.

बाबा : का?

मुलगी : मला वाटतं... मला वाटतं, राहू दे आहे तसंच.

बाबा : हे बघ. माझी चूक झाकायला विषय घ्यायचा नाही. माणूस वडिलांचं एखादं चुकलेलं वाक्य झाकतो, तिरकी पाटी झाकतो. चार वर्षं नाही झाकत कोणी. मी चुकलो. मी निस्तरतो. कागद आण.

मुलगी : झाकत नाहीये मी.

बाबा : मग शेवटच्या सीटवर रडत कशाला होतीस?

मुलगी : त्याच दिवशी मी विद्यापीठात जाऊन आले होते, विषय बदलायला. खिडकीपुढे रांग होती मोठी. वेळ घालवायला शेजारच्या ग्रंथालयात गेले. म्हटलं, बघू तरी हे भाषाशास्त्र काय भानगड आहे ते. एक पुस्तक काढलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिले. तिथल्या बाईंनी येऊन मागे स्टूल सरकवलं, तेही कळलं नाही मला. बाहेर आले तर खिडकी बंद. आणि मला वाईट वाटायच्या ऐवजी बरं वाटलं, बाबा. म्हणून रडत होते.

बाबा : बरं वाटलं म्हणून?

मुलगी : दोन वर्षं म्हणतेय भौतिक, भौतिक. तुम्ही जिने चढून लोकांना सांगताय. आणि मला खिडकी बंद झाली म्हणून बरं वाटतंय. रडू नाही येणार?

आई : मी तिला म्हटलं, बाबांना सांग. तर म्हणे, त्यांना तो शब्द किती आवडतो बघतेस ना.

बाबा : शब्दाचं काय घेऊन बसलात! पण भाषाशास्त्र म्हणजे व्याकरणच ना ते? कर्ता, कर्म, हे ऱ्हस्व, ते दीर्घ? ते शिकून तू लोकांच्या पाट्यांतल्या चुका काढत फिरणार?

मुलगी : नाही हो. लोकांनी कसं बोलावं ते नाही. लोक कसं बोलतात ते.

बाबा : ते शिकायला विद्यापीठ कशाला? नाक्यावर उभं राहा.

मुलगी : तेच करतात ते! नाक्यावर उभे राहतात, ऐकतात, लिहून घेतात. बाबा, लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं बघा, र एकच, मग कधी डोक्यावर बसतो, कधी पायात येतो, असं का?

बाबा : आणि मी म्हटलं, गप बस, रंगाचा डबा सांडशील.

मुलगी : सांडलाच मी. पण उत्तर राहिलं.

आई : बोलण्याचं म्हणत असशील तर आमच्या बसमध्ये एक गंमत आहे. त्या मोठ्या चौकातला स्टॉप आहे ना, म्हाताऱ्या माणसांना विचारलं कुठे उतरायचं, तर म्हणतात, गिरणी. माझ्या वयाचे म्हणतात, पाण्याची टाकी. आणि तुमची पिढी म्हणते, मॉल. जागा तीच, थांबा तोच. मी डोळे मिटून सांगते, मागचा माणूस किती वर्षांचा आहे.

मुलगी : आणि गिरणी तर तिथे नाहीच!

आई : कधीच पाडली. टाकीसुद्धा पाडली. पण उतरतात सगळे तिथेच.

मुलगी : आई, तू हे कधी सांगितलं नाहीस! थांब, मॉल म्हणणारी एखादी पोरगी आजीबरोबर असली तर काय म्हणते? आजीसमोर गिरणी म्हणते का?

आई : अगं, म्हणते ना! आजी असली की गिरणी, मैत्रिणी असल्या की मॉल.

मुलगी : बघा! बघा बाबा, एकाच तोंडात दोन शब्द, आणि कधी कोणता काढायचा हे तिला कोणी शिकवलेलं नाही! आई, तू हे लिहून ठेव. रोज. कुठल्या वयाचं माणूस काय म्हणालं ते. तिकिटाच्या मागे लिही, कशावरही लिही. नाही, मीच येऊन बसते तुझ्या बसमध्ये सुट्टीत, आणि ड्रायव्हरकाका काय म्हणतात? ते तर टाकीवाले आणि मॉलवाले यांच्या मधल्या वयाचे...

बाबा : ठमे.

मुलगी : थांबा हो. आणि जे परगावचे असतात ते...

बाबा : ठमे, तुझा हात बघ.

मुलगी : काय झालं? रंग लागला?

बाबा : लागलाय खरा, ट्रंकेवरची अर्धी सावली पुसलीस तू. पण ते नाही. दोन वर्षं तू भौतिकचं सांगत होतीस. पाठ असल्यासारखं. हात मांडीवर ठेवून. हे असं वाऱ्यावर हात फेकत बोलताना मी तुला कधी बघितलं नाही.

आई : लहानपणी बोलायची अशी. डबे सांडायचे ते त्यामुळेच.

बाबा : खरंच झाकत नाहीस?

मुलगी : खरंच.

बाबा : माझ्याकडे बघून सांग.

मुलगी : बघा, बघतेय. मला हेच शिकायचंय. तुमची चूक झाली नसती तर मला असा काही विषय असतो हेसुद्धा कळलं नसतं. भौतिकला जाऊन चार वर्षं मान खाली घालून पास झाले असते.

बाबा : पासच झाली असतीस, नाही?

मुलगी : पासच.

बाबा : आता त्या वकिलाला काय सांगू मी?

आई : सांगा, हाही वजनदार आहे.

बाबा : तू हस. तुला काय, तुझे प्रवासी रोज बदलतात. माझी गिऱ्हाइकं वर्षानुवर्षं तीच.

मुलगी : बाबा, ते दोघं थांबलेत. त्या एका जागेसाठी.

बाबा : हो, खरंच की. पोरं ताटकळली असतील बिचारी. हा घे फोन. शेवटचा नंबर आहे.

मुलगी : तुम्हीच सांगा ना. मघाशी तुम्हीच बोललात.

बाबा : मघाशी माझी चूक होती, म्हणून मी बोललो. हे तुझं आहे. तू बोल.

मुलगी : हॅलो... हो, आत्ताच बाबांचा फोन आला होता, त्यांचीच मुलगी... नाही, बदल नको. ती जागा थांबलेल्या दोघांपैकी एकाला देऊन टाका... नाही सर, चुकून नाही... हो, विचार करून. माझा विषय तोच आहे... हो... हो, येते. थँक यू.

बाबा : काय म्हणाले?

मुलगी : म्हणाले, मग उद्या वेळेवर या, अकराला पहिलं व्याख्यान आहे.

आई : सहाची गाडी माझीच आहे. पुढची खिडकी धरून ठेवते.