हेमदामावशीची पत्रं

जेरुसलेममधल्या ग्रंथालयात जुने कागद द्यायला रांग होती. माझ्यापुढे एक नवरा-बायको अर्ज भरत होते.

"अमिताय, 'पत्रं कुणाला लिहिली' या रकान्यात काय लिहू?"

"तुझं नाव! कवयित्री मावशीनं भाचीला लिहिलीत ना?"

"अरे, तेव्हा मी दोन वर्षांची होते. आणि मावशी लिहिते, 'चुकलं माझं, आता तरी घरी ये.'"

"कवी लोक काहीही लिहितात. वाचून कोण दाखवायचं?"

"आई. आजोबांच्या सुतकात भांडल्यापासून दोघींचा अबोला होता. वाचता वाचता मधेच उठून जायची."

"आणि उत्तर?"

"माझा हात धरून तीच लिहायची, 'मी अजून लहान आहे, मला येता येत नाही.'"

"बरं, आटप. नंबर आला. लिही नाव."

"कुणाचं?"