आईच्या गाडीतला नवा नकाशा

आमच्या आईला तुम्ही ओळखता, पण हे तुम्हाला ठाऊक नसेल. बाबा गेल्यावर ती त्यांची जुनी गाडी चालवायला शिकली. वर्ध्याबाहेर मात्र आम्ही तिला एकटीला जाऊ देत नव्हतो. रस्ता चुकेल, हेच आमचं कारण. मग तिनं गाडीतला जुना टेप काढून तिथं नकाशा दाखवणारा स्क्रीन बसवायचं ठरवलं.

दुकानदार म्हणाला, "काकू, एवढ्या जुन्या गाडीले काऊन लावता? हा त्या खाचेत बसत नाई."

"मंग खाच मोठी करा. मी बसून आहे इथंच."

संध्याकाळी स्क्रीन बसला, तेव्हाच ती उठली.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच हिंगणीला आजारी मावशीकडे निघाली. अर्ध्या वाटेतून तिचा फोन आला, "स्क्रीन बंद पडला रे."

मी घाबरलो. "आई, तिथंच थांब. मी येतो."

"थांबू काऊन? रस्त्यानं माणसं हायेत, त्याइले विचारीन."

तासाभरानं पुन्हा फोन आला. "पोचली. मावशी तुही लय आठवण काढून राह्यली. आता तू येजो. रस्ता मी सांगीन."