बुधाबाबाने शिवलेली जाळी

पंधरा वर्षं बास्केटबॉल खेळून मी पगार घेतला, पण माझी खरी दया एकाच माणसाला आली. मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मी नुकताच खेळ सोडला होता. माझा मेव्हणा पोशेरा गावच्या शाळेत मास्तर. त्याने मला नव्या रिंगच्या उद्घाटनाला नेलं.

नारळ फुटला. मेव्हण्याने माईकवर सांगितलं, "पाहुणे पंधरा वर्षं खेळलेत, नेम चुकत नाही!" आता चुकला तर सासुरवाडीत तोंड दाखवायची सोय नाही. मी देवाचं नाव घेऊन बॉल फेकला. अलगद रिंगमध्ये गेला. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तरी बॉल खाली येईना.

मेव्हणा शिडी आणायला पळाला. रिंगच्या जाळीचे वरचे दोन दोरे आणतानाच तुटले होते, म्हणून त्याने ती बुधाबाबाकडे दुरुस्तीला दिली होती. नदीवर मासे धरणाऱ्यांची सगळी जाळी बुधाबाबाच विणायचा.

"बाबा, खालचं तोंड का शिवलंत?" पुढ्यातच बसलेल्या बुधाबाबाला मी विचारलं.

"फाटलं व्हतं ना. समदं निसटलं असतं."

मी समजावलं, बाबा, खेळच असा आहे. वरून टाकलेला बॉल खालून पडायलाच हवा.

बुधाबाबाने मला नखशिखांत न्याहाळलं. सहा फूट चार इंच, वेळ लागला. मग माझा हात हातात घेऊन हळू आवाजात म्हणाला, "पंधरा वर्सं टाकत राह्यलास, आन एकानं पन शिवून नाय दिलं?"