मावशींचा कागद

हसा तुम्ही, पण त्या दिवशी मी रडायच्या बेतात होते. औंढ्याच्या हौसामावशींचा गुडघा बदललेला. व्यायाम बघायला मी फिजिओ म्हणून घरी गेले, तर गुडघा वाकायलाच तयार नाही! असाच राहिला तर कायमचा आखडणार. माझा जीव नुसता खालीवर.

"मावशी, दवाखान्यातून दिलेल्या कागदावरचे व्यायाम करता ना?"

"व्हय तर! दोनी टाइम. एक दिस खाडा न्हाई."

"मग वाकत का नाही?"

"त्येच मी म्हनते. गुन यायला टाइम लागत आसंल."

मला राहवेना. म्हटलं, "आत्ता माझ्यासमोर करा."

मावशींनी सुनेला हाक मारली. तिनं हात धुतले, देव्हाऱ्यातून कागद काढला, कपाळाला लावला आणि मोठ्यानं सुरू केलं, "टाच सरकवत गुडघा हळूहळू वाकवावा..." मावशी हात जोडून, डोळे मिटून पडलेल्या. कागद संपला. पाय होता तिथंच.

"अहो मावशी, पाय कधी हलवणार?" मी ओरडलेच.

मावशींनी एक डोळा उघडला. "वाचन चालू आसताना कुनी हातपाय हलवतं व्हय, बाई?"